हिरव्या गोळ्यांचं प्रायश्चित्त

आक्कांच्या हातून पाण्याचा लोटा सुटला तेव्हा माताजींच्या पोटात जेमतेम दोन-तीन घास गेले होते.

लोटा फरशीवर आपटला, गडगडत पाटापर्यंत गेला आणि थांबला. चौक्यात, म्हणजे माताजींचा आहार रांधायच्या-वाढायच्या जागेत, आम्ही पाच-सहा जण होतो. माताजींनी सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे पाहिलं आणि ओंजळ सोडली. वाढणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की अंतराय होतो, म्हणजे त्या दिवसाचा आहार तिथंच थांबतो. माताजी आर्यिका, म्हणजे जैन साध्वी. त्या दिवसातून एकदाच जेवतात, ओंजळीत, आणि पाणीही तेव्हाच पितात. आदल्या दिवशी चतुर्दशीचा उपवास झालेला. म्हणजे आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर भाद्रपदाचं ऊन.

माताजींनी हात धुतले, मोरपिसांची पिंछी उचलली आणि आक्कांपाशी थांबल्या.

"राजमती, भांडं पडलं. आभाळ नाही पडलं."

त्या हसून गेल्या. पण आक्का तिथंच उभ्या होत्या, लोटा धरल्यासारखी बोटं तशीच वाकलेली. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी विचारलं, "त्रिशला, सुटला कवा गं? मला कळलंच न्हाई."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेपासून एसटीने तासाभरावर, कृष्णेच्या काठी आमचं गाव. गावात निम्मी घरं आम्हा जैनांची, आणि त्या सगळ्या घरांत मगदुमांच्या राजमतीआक्कांचा चौका पहिला. पाणी कसं गाळायचं, पीठ किती दिवसांचं चालतं, भाजीत कीड कुठं लपते, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी बार्शीची. धर्मकर्मात तशी मधल्या बाकावरची, नापासही नाही आणि पहिलीही नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मी फक्त काय खायचं नाही हेच पाठ करत होते. कांदा-बटाटा घरात कधी नव्हताच. चातुर्मासात पालेभाजी बंद. त्यात मामंजी गेले त्या वर्षी आक्कांनी देवापुढं उभं राहून दूध, दही आणि तूप सोडलं. भाकरी, आमटी, भात आणि एखादी फळभाजी, यावर त्यांची वर्षं चालली होती, आणि चालली होती म्हणजे दणदणीत चालली होती. आम्ही दमायचो, त्या दमायच्या नाहीत.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बी-ट्वेल्व्ह कमी असणार, शाकाहारात, त्यातून दूध नसलं की होतं असं. त्यांनी कॅप्सूल दिल्या. कॅप्सूलचं वरचं कवच जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात हे आक्कांना कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे कॅप्सूल पाकीट न फोडताच परत गेल्या. इंजेक्शन कशापासून करतात, हे कंपाउंडरला सांगता आलं नाही. तेही राहिलं.

तेव्हा माझ्या नवऱ्यानं, भरतेशनी, शोध लावला. त्यांचं गावात खता-बियाण्यांचं दुकान. सांगलीच्या कृषी प्रदर्शनात त्यांना एका स्टॉलवर हिरव्या गोळ्यांची डबी दिसली. स्पिरुलिना असं इंग्रजीत नाव आणि खाली 'बी-ट्वेल्व्हचा नैसर्गिक खजिना'. त्या विक्रेत्याचा त्यांनी घामटा काढला. कॅप्सूल आहे का? नाही, गोळी आहे. मध आहे? माशाचं तेल? कंदमूळ? लसूण? विक्रेता शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, पाण्यातली वनस्पती आहे हो, शंभर टक्के शाकाहारी." डबीवर हिरवा ठिपकाही होता. आक्का रोज दुपारी जेवणानंतर त्या गोळ्या कोमट पाण्याबरोबर घ्यायच्या. पुढं रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह अगदी व्यवस्थित. घरात आनंदीआनंद. भरतेश तर आठवडाभर भेटेल त्याला तो रिपोर्ट दाखवत होते, आपल्याच मार्कांचा कागद असल्यासारखा.

मुंग्या मात्र थांबल्या नाहीत, आणि पुढं तर पाय बधिरच होत गेले. पण रिपोर्ट चांगला, मग जे काही होत होतं त्याला आम्ही सगळ्यांनी एकच नाव दिलं, वय.

लोटा पडला त्या दिवसापासून आक्का चौक्यात पाऊल टाकेनात. बाहेर ओट्यावर बसून मला सांगायच्या, पाणी तापव, भात उतरव, आणि स्वतःचे हात पदराखाली धरायच्या. दोन-चार दिवसांनी आम्ही देवळात निघालो होतो. मी मागून येत होते. वाटेत त्यांची एक चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि त्या तशाच पुढं चालत गेल्या.

"आक्का, चप्पल!"

त्यांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसरा उघडा. त्या उघड्या पायाकडं त्या अशा बघत राहिल्या की तो पाय शेजारणीचा असावा. खडीचा रस्ता होता, टाचेला रक्त आलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवताना, त्यांनी ताट पुढं सारलं आणि मुलाला म्हणाल्या, "भरतेश, पुढच्या चतुर्दशीला माताजींच्याकडनं नियम घेणार हाय मी. एक एक जिन्नस कमी करत जायचं. मग अन्न. मग पाणी."

त्या सल्लेखनेबद्दल बोलत होत्या. आमच्यात शेवट जवळ आला की माणूस शांतपणे आहार आटपत नेतो, त्याला मोठं मानतात. पण तो शेवट असावा लागतो. भरतेशनी घास ताटात परत ठेवला.

"आक्का, तुला काही झालेलं नाही. रिपोर्ट चांगला आहे."

"म्हणून तर. रोग असता तर औषध केलं असतं. रोग न्हाई म्हणजे वय हाय. वयाला कुठलं औषध? देह परत द्यायची वेळ झाली की देहच सांगतोय. हात सांगाय लागले, पाय सांगाय लागले." मग माझ्याकडं बघून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आणि मी काय उद्या जात न्हाई गं. सावकाश जातो की."

आमच्या भागात बायकाही 'मी जातो' म्हणतात. लग्न झाल्यावर मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी हसू आलं नाही.

चतुर्दशीला अजून अवकाश होता. मी हट्ट धरला. म्हटलं, नियम घ्या, मी आडवी येणार नाही, पण त्याआधी एकदा मिरजेला चला, माझ्यासाठी. आक्का सुनेचा हट्ट मोडायच्या नाहीत, तो त्यांच्या अभिमानाचा भाग होता.

मिरजेत नसांच्या डॉक्टर मुजावरबाई होत्या. चाळिशीच्या, बारीक, बोलायला आपल्या माणसासारख्या. त्यांनी आक्कांना कॉटवर बसवलं, एक लोखंडी चिमटा वाजवून घोट्यावर टेकवला.

"आज्जी, काय कळतंय का? झिणझिण?"

"गार लागालंय."

"झिणझिण?"

"न्हाई."

मग डोळे मिटायला सांगून त्यांनी पायाचा अंगठा वर-खाली केला. वर केला तर आक्का म्हणायच्या खाली, खाली केला तर म्हणायच्या, "केला का?" शेवटी उभं करून डोळे मिटायला लावले, आणि आक्का कापलेल्या उसासारख्या माझ्या अंगावर आल्या. जीभ बघितली. गुळगुळीत, लालभडक. डॉक्टरांनी आक्कांना नर्सबरोबर रक्त द्यायला धाडलं आणि आमचा जुना रिपोर्ट हातात घेतला.

"वहिनी, हा रिपोर्ट आणि ह्या आज्जी एकमेकींशी जुळत नाहीत. आज्जी खातात काय?"

मी सांगितलं. मग काय खात नाहीत तेही सांगितलं, त्याला जास्त वेळ लागला.

"गोळ्या-बिळ्या?"

मी पिशवीतून डबी काढली, जराशा अभिमानानंच. डॉक्टरांनी डबी फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली.

"हां. हे शेवाळ आहे."

"काय?"

"शेवाळ हो. हौदात हिरवं धरतं ना, त्याच गोतातलं. टाक्यांत वाढवतात, वाळवतात, गोळ्या पाडतात. तसं वाईट नाही. प्रथिनं असतात, लोह असतं. पण ह्यात बी-ट्वेल्व्ह म्हणून जे असतं ना, ते बहुतेक नकली असतं. दिसायला तसंच. समजा तुमच्या कुलपाची एक किल्ली आहे. ही दुसरी किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही. उलट भोक अडवून बसते. शरीराला तिचा काही उपयोग नाही. आणि रक्त तपासणारं मशीन कधीकधी दोन्ही किल्ल्या एकत्र मोजतं. म्हणून कागदावर सगळं छान."

त्या पुढंही बोलत होत्या, दुसरी एक तपासणी पुण्याला पाठवते, त्यात खरं काय ते कळेल, वगैरे. पण माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. लहानपणी बार्शीच्या पाठशाळेत पंडितजींनी शिकवलेलं, सुईच्या अग्रावर मावेल एवढ्या शेवाळात अनंत जीव. बटाटा त्यापुढं काहीच नाही. ओल्या भिंतीवर हिरवं धरलं तर आक्का तिथं हात टेकत नसत. हौद घासायचा तर त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आणि त्यांनी दोन वर्षं शेवाळ खाल्लं होतं, रोज, कोमट पाण्याबरोबर.

"इलाज आहे?" मी विचारलं.

"आहे की. इंजेक्शनं. पहिल्यांदा भराभर, मग महिन्याला. ह्या वयात पोटातून नीट शोषलंही जात नाही, म्हणून सुईनंच द्यायचं. ते काय जनावरातून काढत नाहीत, जिवाणूंकडून करून घेतात, तेवढं आज्जींना खरं सांगा. आणि दूध-दही चालू झालं तर उत्तमच." डॉक्टर थांबल्या. "पाय पूर्ण परत येतील असं मी म्हणणार नाही. बरेचसे येतील. पण आणखी सहा-आठ महिने असेच गेले, तर मग नाही येणार."

परतताना एसटीत आक्कांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"इलाज आहे म्हणाल्या. इंजेक्शनं घ्यायची."

"कशाला गं? बी-ट्वेल्व्ह चांगलं हाय न्हवं? गोळ्या लागू पडल्यात की."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आक्कांना सोडून मी तडक दुकानात गेले. भरतेश एकटेच होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते युरियाच्या पोत्यावर बसले.

"मी लसूण विचारली गं," ते शेवटी म्हणाले. "मध विचारला. माशाचं तेल विचारलं. माणूस शेवाळ खाईल हे डोक्यातच आलं नाही."

मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली.

"आक्कांना सांगावं लागेल."

"नाही!" ते उभे राहिले. "त्रिशला, हात जोडतो. ती दोन दिवस ताप काढील, पाय गेले तरी सोसेल. पण पोटच्या पोरानं शेवाळ खाऊ घातलं, हे तिला सोसणार नाही."

"आणि न सांगता इंजेक्शन कसं द्यायचं? त्या म्हणतात रिपोर्ट चांगला आहे. त्या रिपोर्टवर विसंबून तर त्या अन्न सोडायला निघाल्यात. रिपोर्ट खोटा आहे म्हटलं तर विचारतील, खोटा कसा झाला. काय सांगू?"

"काहीही सांग, पण ते नको," एवढंच ते परत परत म्हणत राहिले.

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, मला झोप लागली. पण सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. रोज चौक्यात उभं राहून आम्ही म्हणतो, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध. ज्या बाईनं ते मला म्हणायला शिकवलं, तिला खोट्या कागदाच्या भरवशावर मरू देणं मला जमणार नव्हतं.

आक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोटांना खडा कळेना म्हणून सूप डोळ्यांजवळ धरलं होतं. मी समोर बसले आणि सांगितलं. डॉक्टरांच्या किल्लीसकट सगळं सांगितलं.

त्यांचा हात थांबला.

"शेवाळ?"

"हो."

"त्या हिरव्या गोळ्या?"

"हो आक्का."

त्यांनी सूप हळूच खाली ठेवलं. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत णमोकार म्हटला. मला वाटलं आता रडतील, ओकाऱ्या काढतील, काय करतील ते देव जाणे. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा.

"भरतेशला ठाऊक हुतं?"

"नाही हो. लसूण विचारली त्यांनी, मध विचारला. शेवाळ आहे का असं विचारायचं सुचलंच नाही."

"कुणाला सुचंल?" आक्का म्हणाल्या, आणि खरंच क्षणभर हसल्या. मग पदरानं डोळे टिपले. "त्याला सांगू नको हां, मला कळलंय म्हणून. पोरगं किती आशेनं आणायचं. डबी संपायच्या आधी दुसरी हजर. त्याच्या जिवाला लागंल. गळ्याची आण हाय तुला."

'अहो, त्यांनीही मला हेच सांगितलंय' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. तिकडं नवऱ्याची विनवणी मोडून बसले होते आणि इकडं सासूची आण. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधल्या काठावर मी, भरल्या घागरीसह.

दुपारचं सामायिक, म्हणजे ध्यान, आटोपल्यावर आम्ही माताजींकडं गेलो. देवळामागच्या खोलीत त्या चटईवर बसल्या होत्या. आक्कांनी वंदामि केलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या सांगत असताना मी माताजींच्या चेहऱ्याकडं पाहत होते. तिथं धक्का नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मला वाटलं, संसार सोडलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नसावं.

"माताजी, महिनाभर एक दिवसाआड उपवास करतो," आक्का म्हणाल्या. "त्याउप्पर नियम द्या, अन्न आटपायचा."

"तो नियम मला देता येत नाही."

"का?"

"आजाराला इलाज आहे असं डॉक्टर म्हणतात ना? इलाज असताना देह सोडायला निघणं म्हणजे घाई. घाई हासुद्धा मोहच, राजमती."

आक्का खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग उपवास तरी द्या. केलंय त्याचं कायतरी फेडाय पाहिजे."

"उपवास तुला जमतो. लहानपणापासून जमतो. जमतं त्याला प्रायश्चित्त कसं म्हणायचं?" माताजी थोड्या पुढं झुकल्या. "पाय दाखव."

आक्कांनी संकोचून पाय पुढं केला. टाचेची जखम अजून ओली होती.

"हे कधी लागलं?"

"मला ठाऊक न्हाई. त्रिशलानं दावलं."

"चार हात जमीन बघून चालावं, हे आपल्याला सांगितलंय. डोळे बघतात. पण पाऊल टेकताना खाली खडा आहे की किडा, ते शेवटी पायालाच कळतं, आणि पाय उचलला जातो. स्वतःचं रक्त आलेलं ज्या पायाला कळत नाही, तो मुंगीला काय वाचवणार? तू अहिंसा पाळतेस म्हणून दूध सोडलंस. कुणाकडून घेतलास तो नियम?"

"देवापुढं, माझी मीच घेतलो."

"मुदत?"

"मुदत घातली न्हाई."

"मग मी घालते. आज संपली. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या सुया घ्यायच्या. आणि रोज सकाळी पेलाभर दूध प्यायचं, औषध म्हणून नाही, प्रायश्चित्त म्हणून. देह आहे तोवर."

आक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी त्यांना मामंजी गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. महिनाभराचे उपवास मागायला आलेली बाई पेलाभर दुधाला घाबरली होती. पण गुरूनं दिलं ते दिलं. त्यांनी डोकं टेकवलं.

पुढच्याच आठवड्यात भरतेशनी घरात गाय आणली. हा माणूस वासरू अंगावर आलं तरी दुकानाच्या पायऱ्या चढून जायचा. त्यांनी गवळ्याच्या पोराकडून धार काढायला शिकून घेतलं. पहिल्या दिवशी गाईनं लाथ मारली, दुसऱ्या दिवशी बादली लवंडली, तिसऱ्या दिवशी कमरेत उसण भरली. मी म्हटलं, "बरं झालं, आता दुकानात खत घरचंच." ते हसले नाहीत.

"अहो, गवळी घालतोय की दूध. कशाला हा खटाटोप?"

"गवळ्याच्या दुधाची मर्यादा कोण बघणार?"

ते खरं होतं. धार काढल्यावर ठराविक वेळात दूध गाळून तापवलं पाहिजे, नाहीतर ते आम्हाला चालत नाही. त्यामुळे मी पुढं विचारलं नाही. आक्कांनी दूध का सुरू केलं, सुयांना तयार कशा झाल्या, हेही त्यांनी मला विचारलं नाही. माताजींनी सांगितलं म्हटल्यावर घरात प्रश्न संपतो.

पहिला पेला मला आठवतो. आक्का पूर्वेकडं तोंड करून बसल्या. पेला दोन्ही हातांनी धरला होता, निसटू नये म्हणून मीही खालून हात लावला होता. त्यांनी डोळे मिटले आणि पिऊन टाकलं. भरतेश दारात उभे राहून बघत होते. आईनं लेकाकडं पाहिलं नाही, लेकानं आईला काही विचारलं नाही. मला तेवढा खोकला आला.

पुण्याच्या तपासणीत डॉक्टर मुजावरबाई म्हणाल्या तेच निघालं. सुया सुरू झाल्या. थंडीत आक्कांच्या पायांत आधी आग व्हायला लागली, मग गेलेल्या मुंग्या परत आल्या. "आल्या गं!" त्या मला हाक मारून म्हणाल्या, माहेरचं माणूस आल्यासारखं. बोटांची टोकं पुढंही जरा बधिरच राहिली आणि काठी सुटली नाही. पण पुढच्या चातुर्मासात दुसऱ्या माताजी आल्या तेव्हा आक्कांनी चौक्यात उभं राहून स्वतःच्या हातानं त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. शेवटच्या घोटापर्यंत. त्यानंतर पुष्कळ वर्षं घातलं.

मधेच कधीतरी दुधाचा पेला ठेवून त्या मला हळूच म्हणायच्या, "त्रिशला, ह्याचं काय करू? प्रायश्चित्त कडू असाय पाहिजे. हे तर गोड लागालंय."

आक्का गेल्या त्या साध्या तापानं, झोपेत. सुतक फिटलं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर भरतेश नेहमीसारखे बादली घेऊन गाईपाशी बसलेले. ही त्या पहिल्या गाईची नात.

"आता देऊन टाका ही कुणाला तरी," मी म्हटलं. "कशाला गुडघे दुखवून घेता? आता पिणारं कोण आहे?"

ते धार काढायचे थांबले नाहीत. "सवय झाली. माताजींनी सांगितलं होतं, आई आहे तोवर रोज स्वतः धार काढून दे. आई गेली म्हणून आज बसायचं नाही, हे हातांना कळलं नाही."

"माताजींनी? कधी?"

"तू दुकानात येऊन सांगितलंस ना शेवाळाचं, त्याच दिवशी. तू घरी गेलीस आणि मी देवळामागं गेलो. म्हटलं, आईला बाटवलं मी, काय शिक्षा ते सांगा. म्हणाल्या, जनावराला भितोस ना? मग गाय पाळ." त्यांनी बादली सरकवली. "तिला शेवटपर्यंत कळलं नाही, एवढंच माझं नशीब."

मी गप्प बसायला हवं होतं. इतकी वर्षं बसले होते. पण मला त्यांच्या आईचा तो गोड दुधानं ओशाळलेला चेहरा आठवला आणि मी बोलून गेले, "आक्का म्हणायच्या, प्रायश्चित्त कडू असायला पाहिजे, आणि हे दूध गोड लागतं, आता काय करू."

त्यांचे हात थांबले.

"तिला कसलं प्रायश्चित्त?"

मी जीभ चावली, पण शब्द गेला होता. आण घालणारीही आता नव्हती.

"शेवाळाचं," मी म्हटलं. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या होत्या माताजींकडं. त्यांनी मला आण घातली होती, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. तुमच्या जिवाला लागेल म्हणाल्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. 'मी धार काढायची आणि तिनं प्यायचं,' असं काहीतरी पुटपुटले, मला नीट ऐकू आलं नाही. आईला खांदा देताना कोरड्या डोळ्यांनी चाललेला हा माणूस गाईच्या पोटावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. गाय मुकाट उभी राहिली. मी बादली उचलून बाजूला ठेवली, सांडू नये म्हणून, आणि त्यांच्याजवळ खाली बसले.